नीलला निघण्याआधी

अंदमानचं तिकीट निघालं की आपल्याकडं बेळगावात पहिल्यांदा माळ्यावरची बॅग खाली येते, मग खाऊच्या डब्यांचा विषय निघतो. ते होईलच. नील बेटाला जाणार असाल तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर अमावास्या आणि पौर्णिमा कधी आहे ते बघा. या बेटावर निम्म्या गोष्टी ओहोटीला दिसतात, निम्म्या भरतीला करायच्या असतात. पर्यटक मात्र बोट येईल तसा येतो आणि बोट सुटेल तसा जातो, म्हणून अनेकजण "काय विशेष नाही, नुसता बीच" म्हणत परततात.

लक्ष्मणपूरच्या दोन नंबर किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथं जायची वाट ओहोटीलाच उघडी पडते. भरतपूरला काचेच्या तळाची बोट आणि स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून, चेहरा बुडवून पाण्याखालचं बघणं), त्याला मात्र पाणी हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा ओहोटीही खोलवर जाते आणि कमानीपाशी खडक लांबवर मोकळा होतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, तेव्हा फारसं उतरत नाही. कोकणात तिथीला पाऊणनं गुणून भरतीची वेळ काढतात. ते गणित तिथं लावू नका, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. तुमच्या तारखांच्या ओहोटीच्या वेळा कागदावर उतरवून घ्या. ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते. दोन्हीपैकी एक तरी उजेडात येते का, सकाळी येते की ऐन उन्हात, हे बघूनच हॉटेलच्या रात्री ठरवा. दोन रात्री तरी राहा. पोर्ट ब्लेअरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

घड्याळाचंही तसंच. बेट आपल्यापेक्षा अठरा रेखांश पूर्वेला आणि वेळ मात्र तीच भारतीय. जानेवारीच्या मध्याला बेळगावात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तिथं पावणेसहाच्या आत. आपल्याकडं तो मावळतो सव्वासहानंतर, तिथं सव्वापाचलाच. सकाळी नाष्टा-आंघोळ उरकून नऊला बाहेर पडायची सवय घेऊन गेलात तर निम्मा दिवस गेला म्हणून समजा, कारण साडेअकराला सूर्य डोक्यावर आलेला असतो. पहाटे पाचला उठून सीतापूरचा सूर्योदय, अकरापर्यंत फिरणं, जेवून झोप, आणि चारच्या आत लक्ष्मणपूर एक नंबरच्या वाळूवर सूर्यास्ताला हजर. निघण्याआधी आठवडाभर घरातली झोप थोडी अलीकडं आणा. पोरं कुरकुरतील, आजी-आजोबांना काही फरक पडणार नाही.

महिना निवडताना आपली एक अडचण असते. आपल्या मराठी शाळासुद्धा कर्नाटकाच्या वेळापत्रकानं चालतात, त्यामुळं मोठी सुट्टी दसऱ्याची. ऑक्टोबरात तिथं पाऊस संपलेला नसतो, आणि नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तर एप्रिलमध्येच जाऊन या. मान्सून अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पोचतो, आपल्याकडं यायच्या दोनेक आठवडे आधी. डिसेंबर ते मार्च उत्तम, फक्त नाताळच्या आठवड्यात खोल्यांचे दर अंगावर येतात. शाळेला चार दिवस दांडी पडली तरी जानेवारी घ्या, असं माझं मत. मास्तरांशी तुम्ही बोला.

कागदपत्रं. बेटावर जायला भारतीयांना परवाना लागत नाही, पण विमानात आणि बोटीत प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. मुलांचे जन्मदाखले कानडीतले असतील तर ते तिथं कुणाला वाचता येणार नाहीत. मुलांची आधार कार्डं घ्या. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. आपल्या भागात एकाच माणसाचं आडनाव रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं असतं, हे सांगायला नको. २०१८ च्या डिसेंबरपासून बेटाचं सरकारी नाव शहीद द्वीप आहे आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, तेव्हा तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर एजंटाला फोन करत बसू नका. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर एलटीसीवर (सरकारी प्रवास सवलतीवर) अंदमानला विमानानं जाता येतं का, ते ऑफिसात आधीच विचारून घ्या. एजंट सांगतो त्यावर जाऊ नका.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू विमानानं किंवा रात्रीच्या रेल्वेनं-बसनं गाठायचं, तिथून पोर्ट ब्लेअरला थेट विमान, अडीच तासांच्या आसपास. पुढं बोट. सरकारी बोट स्वस्त, पण वेळ जास्त आणि तिकिटाची खात्री कमी; खाजगी बोट तास-दीड तासात पोचवते. आंबोली घाटात ज्याला मळमळतं त्याला बोटीतही मळमळणार. घरच्या डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर नाही. रिकाम्या पोटी बसवू नका, आणि तळलेल्या पुऱ्या खाऊनही नाही. बसायला बोटीचा मधला भाग धरा, पुढं हिसके जास्त.

आता बॅग. बेळगावची थंडी डोक्यात ठेवून स्वेटर भरू नका, तिथं जानेवारीतही घामच येतो. चपलांबद्दल मात्र मी हट्टी आहे. कमानीकडं जायचा खडक प्रवाळाचा, भोकाभोकांचा आणि धारदार, वर हिरवं शेवाळ. साध्या स्लीपरनं पाय घसरतो, अनवाणी गेलात तर तळवा कापतो. मागं पट्टा असलेली, खाली पकड असलेली रबरी सँडल घ्या. गणपत गल्लीत पावसाळी म्हणून मिळते तीच चालते. साठीपुढच्या माणसाला हाताशी काठी द्या. तिथं वाटाडे असतात, त्यांना पैसे देऊन सोबत घ्या, कारण डबक्यात काय बघायचं ते आपल्याला कळत नाही. गुडघाभरही नसलेल्या पाण्यात खडकात रुतलेला मोठा शिंपला असतो, निळ्या-जांभळ्या ओठांचा. वर वाकलात आणि तुमची सावली त्याच्यावर पडली की तो ओठ आत ओढून घेतो. थोडं मागं सरून थांबा, हळूहळू पुन्हा उघडतो. समुद्रकाकडी तर पायाशीच पडलेली असते, सडलेल्या काकडीसारखी, काळपट. पोरं काठीनं ढोसायला जातात, त्यांना आवरा. २००१ पासून तिला आणि प्रवाळालाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे, अगदी वाळूत पडलेलेसुद्धा, उचलायचे नाहीत. विमानतळावर बॅग तपासतात, सापडलं तर काढून घेतात आणि वर चौकशी. देवघरात ठेवायला शंख हवाच असेल तर दुकानातून बिलासकट घ्या.

पाण्यात उतरणार असाल तर तयारी महिनाभर आधी सुरू करा. स्नॉर्केलिंगला पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण चेहरा पाण्यात बुडवून तोंडानं श्वास घेण्याची भीती घरीच मोडावी. पोरांना तलावावर न्या, नाहीतर बादलीत तोंड घालून सराव करू दे. बायकांनी सुती पंजाबी ड्रेस पाण्यासाठी नेऊ नये, भिजला की जड होतो आणि पायात गुंडाळतो. नायलॉनची लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट बरा. त्यानं ऊनही लागत नाही आणि अंगाला क्रीम कमी फासावं लागतं, जे प्रवाळालाही बरं. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) करायचं असेल तर वय दहाच्या वर हवं. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर लपवू नका, फॉर्मवर खरं लिहा. स्कूबानंतर निदान अठरा तास, शक्यतो चोवीस तास विमानात बसायचं नसतं. म्हणून ते पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरका. तिथल्या समुद्रगवतात डुगाँग, म्हणजे समुद्रगाय, चरायला येतो असं सांगतील. खरं आहे, अंदमानचा तो राज्यप्राणी. पण तुम्हाला दिसेल या आशेवर पैसे मोजू नका.

खाण्याची काळजी आपण फार करतो. नीलवर पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं साठच्या दशकापासून वसलेली आहेत. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर ही गावं त्यांचीच. अंदमानातली भाजी मोठ्या प्रमाणात याच बेटावर पिकते. नील केंद्रच्या बाजारात ताजी वांगी-भोपळा बघून शाकाहारी माणसाचा जीव भांड्यात पडतो, आणि मासे खाणाऱ्याला तर काही सांगायलाच नको. तरी सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असू दे, बोट उशिरा सुटली की उपयोगी पडते. दुधाचा कुंदा नेऊ नका, त्या दमट हवेत टिकत नाही. गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) न्या. तेलाचं लोणचं केबिन बॅगेत नको, पॉवर बँक मात्र केबिन बॅगेतच. हिंदीवर सगळं भागतं.

बाकी किरकोळ: रोकड पुरेशी घ्या, एटीएमवर विसंबू नका. नेट रेंगाळतं, म्हणून तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग छापून ठेवा. डासांचं मलम, आणि वाळूत चावणाऱ्या बारीक माश्यांसाठी खोबरेल तेल. स्टीलची पाण्याची बाटली. बॅटरी, कारण साडेपाचनंतर गावातल्या रस्त्यावर अंधार. लायसन्स घेतलंत तर स्कूटर भाड्यानं मिळते. बेट एवढंसं आहे की सायकलनंही भागतं, पण दुपारी नाही. मगरीच्या सूचनेची पाटी दिसेल तिथं पाण्यात पाय घालू नका, शेजारी कितीही लोक डुंबत असले तरी.

परतीचा हिशोब सैल ठेवा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, म्हणून नीलहून येऊन त्याच दिवशी विमान पकडायचं धाडस नको, एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. सेल्युलर जेल त्या दिवसासाठी राखून ठेवा; १९०६ मध्ये बांधून झालेल्या सात इमारतींपैकी तीन उभ्या आहेत, सावरकरांची कोठडी बघायला जिने चढावे लागतात, गुडघे दुखणाऱ्यांना आधी सांगून ठेवा. बेंगळुरूहून बेळगावची गाडी रात्री दहानंतरचीच काढा, आणि विमानतळावरून स्टँडला पोचायला अडीच तास धरा.