स्पीकरची मायनस बॉडीला लावायची नाही

गाडीत नवा म्युझिक सेट बसवला, स्क्रीन झकास लागली, आणि आवाजच नाही. किंवा आवाज येतो, पण व्हॉल्यूम पंधराच्या पुढे नेला की चारही दारं गप्प. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत फिटिंगचं काम शिकायला बसलेल्या पोरापुढे अशी गाडी पहिल्या महिन्यातच येते. मागे गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं, आणि उस्ताद लांबूनच सांगतो, "भिया, सेट ही खराब है, बदल दे." बदलू नका. सेट बहुधा शाबूत असतो, आणि बदललेलाही तासाभरात गप्प होतो.

सेटमागच्या वायरींत पिवळी कायमच्या करंटची, लाल चावीची, काळी अर्थची म्हणजे बॉडीची, हे तुम्हाला येतंच. लाल-पिवळीची अदलाबदल झाली तर सेट दर वेळी सगळं विसरतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

खरी फसगत पुढे आहे. गाडीच्या वायरिंगचा पहिला धडा असतो, 'मायनस म्हणजे बॉडी'. हॉर्न घ्या, हेडलाइट घ्या, परतीचा करंट शेवटी पत्र्यातूनच जातो. त्यामुळे स्पीकरच्या पांढऱ्या वायरीच्या जोडीला काळ्या रेघेची पांढरी दिसली, की हात आपसूक बॉडीकडे वळतो. जुन्या काळच्या कार रेडिओंत ते चालूनही जायचं. आजच्या सेटमध्ये चालत नाही, अजिबात नाही.

कारण ही वायर नावालाच मायनस आहे. सेटमधल्या अॅम्पच्या, म्हणजे आवाजाला ताकद देणाऱ्या भागाच्या, आयसीत (टीडीए ७३८८ किंवा त्याच्या जातीतली कुठलीही चिप) एका स्पीकरमागे दोन अॅम्प असतात. एक प्लसचं टोक वर ढकलतो तेव्हा दुसरा मायनसचं टोक खाली ओढतो. गाणं थांबलेलं असतानाही दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मे, साधारण ६ व्होल्ट उभे असतात. दोन्हीकडे सारखेच, म्हणून स्पीकर स्वस्थ बसतो. हा खटाटोप पॉवरसाठी. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले, तर एकाच टोकाने चालवलेल्या ४ ओमच्या स्पीकरला फार तर साडेसहा वॉट मिळतात, दोन्ही टोकांनी चालवला तर २६. तेही कागदावर, प्रत्यक्षात कमीच. खोक्यावरच्या 'चार गुणिले पन्नास'वर गिऱ्हाइकाने भुलावं, आपण नाही.

आता ती मायनस बॉडीला टेकली की ते ६ व्होल्ट आयसीतून थेट पत्र्यात उतरतात. आयसी जीव वाचवायला आवाज तोडते, कधी तेवढ्या चॅनलचा, कधी चारही. सेट बंद करून चालू केला की पुन्हा गातो, आणि म्हणूनच सगळे सेटवर संशय घेतात. हा खेळ चालूच राहिला तर आयसी खरंच जळू शकते.

मुद्दाम कोणी मायनस बॉडीला लावली नसेल, तरी ती नकळत लागते. नव्या स्पीकरची पत्ती, म्हणजे वायर जोडायचं टोक, मूळ स्पीकरपेक्षा लांब असते आणि दाराच्या पत्र्याला टेकते. लांब स्क्रू आतल्या वायरीत घुसतो. सेट आत सरकवताना वायर सेटच्या पत्र्याच्या पिंजऱ्याच्या धारदार कडेखाली चेपते. दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत, वर्षानुवर्षं उघडझाप होऊन, वायरीचं कातडं सोलतं. आणि एक छुपा चोर: बाहेरचा अॅम्प जोडायला लावलेला स्वस्तातला हाय-लो कन्व्हर्टर, स्पीकरच्या वायरीतला जोरदार सिग्नल अॅम्पसाठी बारीक करणारी डबी. त्यातल्या काहींमध्ये स्पीकरची मायनस आणि आरसीएची (अॅम्पला सिग्नल नेणाऱ्या वायरीची) जाळी आतून एकच केलेली असते, आणि ती जाळी अॅम्पमार्गे बॉडीला पोचते.

शोधायचं असं. आधी सेटवरचे बॅलन्स (डावं-उजवं), फेडर (पुढचं-मागचं) आणि म्यूट बघा. यावरून दारं खोलणारे कमी नाहीत. मग बॅटरीची मायनस काढा आणि सेटमागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, उपसा. गाडीच्या बाजूला स्पीकरच्या आठ वायरी मिळतील. मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक खरवडलेल्या बॉडीवर धरा, दुसरं एकेका वायरीवर. आठही वेळा शांतता हवी. कुठे वाजला तर त्या दाराचा स्पीकर सोडवून परत बघा: वाजणं थांबलं तर पत्ती टेकतेय, चालूच राहिलं तर वायर. पत्ती टेकत असेल तर टेपवर भागवू नका, स्पीकरखाली प्लास्टिकची रिंग द्या. तपासताना दार उघडा, मिटा, काच खाली-वर करा (त्यापुरती बॅटरी जोडावी लागेल, कपलर मात्र बाहेरच राहू द्या). भेरू घाटाच्या वळणांवरच बंद पडणारा आवाज दुकानासमोर उभ्या गाडीत सापडत नाही.

मग प्रत्येक जोडीचे ओम मोजा. ४ ओमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो. शून्याच्या आसपास म्हणजे शॉर्ट, काहीच नाही म्हणजे तुटलेला. एकट्या ट्वीटरवर, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर, काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो मीटरचा करंट अडवतो. एका जोडीवर ४ ओमचे दोन स्पीकर समांतर टाकले असतील तर भार २ ओमचा होतो. सेट तापून गप्प होण्याचं हे दुसरं कारण.

सेटची परीक्षा दोन मिनिटांची. एक जुना ४ ओमचा स्पीकर क्लिपा लावून कायम जवळ ठेवा आणि बॅटरी परत जोडून थेट सेटच्या वायरींवर वाजवा. वाजला, तर दोष गाडीत. सेट चालू, गाणं थांबलेलं असताना बॉडीपासून प्रत्येक स्पीकर वायरीवर निम्मी बॅटरी दिसली पाहिजे आणि जोडीतल्या दोन टोकांमध्ये जवळजवळ शून्य. मीटर पाचशे रुपयांच्या आतलाही चालतो. टेस्ट लॅम्पवर काम रेटणाऱ्या उस्तादांचं हे कौशल्य नव्हे, आळस आहे. आणि पिवळ्या कपलरला मीटर, लॅम्प काहीही लावायचं नाही. ती एअरबॅगची वायरिंग असते.

आवाज आहे पण बेस नाही, असं असेल तर बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. एका बाजूनेच बेस परत आला तर कुठेतरी प्लस-मायनस उलटी आहे. कपलर काढून दीड व्होल्टचा सेल जोडीवर टेकवा, प्लसला प्लस. बरोबर असेल तर कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, बाहेर उडी घेतो. ही चूक काही जाळत नाही, निवांत दुरुस्त करा.

गाडीला कंपनीचा वेगळा अॅम्प असेल तर निळी-पांढरी वायर त्याच्या रिमोटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या टोकाला, जोडल्याशिवाय टिपूसभर आवाज येणार नाही. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर आधी काळी वायर बॉडीला लागते तिथला रंग खरवडून जोड नीट करा, मग आरसीए पॉवरच्या वायरीपासून दूर न्या.

जोडकामाबद्दल मात्र हट्टी राहा. मूळ वायरी कापू नका, त्या गाडीचा कपलर आणा. गाडीच्या बाजूचे रंग सेटशी जुळतील असं धरूनही चालू नका. जोड द्यावाच लागला तर सोल्डर आणि वर श्रिंक स्लीव्ह. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डिंक सोडतो, टेप घसरते, आणि जुलैत तीच मायनस पुन्हा बॉडीला लागते.