सिगारेट सोडायची, पण पोट सुटू द्यायचे नाही: आधी करायची तयारी

मागच्या खेपेला मी सिगारेट सोडली तेव्हा साडेतीन महिन्यांत माझे वजन ७ किलोंनी वाढले. एका साखरपुड्यात मावशीने चारचौघांत "काय रे, चांगलाच सुटलायस" असे म्हटले, आणि वजन उतरेल या भाबड्या आशेने मी पुढच्याच आठवड्यात पुन्हा सिगारेट पेटवली. वजन तसूभरही उतरले नाही, सिगारेट मात्र आणखी दोन वर्षे चिकटून राहिली. आता दुसऱ्या खेपेला दीड वर्ष होऊन गेले आहे आणि काटा दोन किलोंच्या पलीकडे सरकलेला नाही. पहिल्या खेपेलाही माझी तयारी काही कमी नव्हती. निकोटिनचे च्युइंगम होते, बडीशेप होती, नवे बूट होते, वजनाचा काटा होता. दुपारी चारच्या खाण्याचा डबा तेवढा नव्हता, आणि घोडे तिथेच अडले.

वजन का वाढते हे आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या गोष्टी कटकटीच्या वाटणार नाहीत. निकोटिनमुळे भूक दबते आणि स्वस्थ बसलेले असतानाही शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करते. सिगारेट सुटली की हे दोन्ही थांबते. शिवाय जिभेची चव आणि नाकाचा वास परत येतो, त्यामुळे शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा आपल्याला हाक मारू लागते. सिगारेट सोडणाऱ्यांचे वजन पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलोंनी वाढते आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतच वाढते. काहींचे मात्र वाढत नाही, काहींचे तर उतरते. रोज २५० कॅलरी जास्तीच्या गेल्या तर ढोबळ हिशेबाने महिन्याला एक किलो होतो, आणि २५० कॅलरी म्हणजे जेमतेम एक वडापाव.

सोडण्याचा दिवस ठरवावा. सणाचा, लग्नाचा, मार्चअखेरीचा आठवडा टाळावा. घरातली पाकिटे, लायटर, ॲशट्रे टाकून द्यावीत. गाडीच्या डिकीतले आणि हिवाळी जाकिटाच्या आतल्या खिशातलेही. 'पाकीट घेत नाही, एखादी सुटी घेईन' ही पळवाट ठेवू नये. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकण्यावर २०२० च्या सप्टेंबरपासून बंदी आहे, पण टपरीवर ती बंदी किती पाळली जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन, रक्त पातळ ठेवणारे औषध, दम्याचे किंवा मानसिक आजाराचे औषध चालू असेल, तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण धूर बंद झाल्यावर काही औषधांची मात्रा बदलावी लागते. निकोटिनचे च्युइंगम घ्यायचे असेल तर तेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. ते २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते, आणि उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला साधारणपणे ४ चे सुचवतात. हे च्युइंगम चालू असेपर्यंत वजनवाढ थोडी रोखली जाते, हा त्याचा आणखी एक उपयोग. ते साध्या च्युइंगमसारखे सतत चघळायचे नसते. झणझणीत चव आली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा थोडे चघळायचे. मी ते पहिल्या दिवशी कचाकचा चावले आणि बैठकीत साहेबांसमोर मला वीस मिनिटे उचक्या लागल्या. चहा-कॉफीनंतर लगेच ते तोंडात टाकू नये, पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर निकोटिन नीट शोषले जात नाही.

तोंडाला चाळा म्हणून लवंग, दालचिनीचा तुकडा, वेलची, साखर न लावलेली बडीशेप, मीठ लावून वाळवलेला आवळा यांपैकी जे रुचेल ते छोट्या डबीत भरून खिशात ठेवावे. पेपरमिंटच्या आणि कैरीच्या गोळ्या नकोत. सुटे पैसे नाहीत म्हणून टपरीवाला हातावर ठेवतो त्याही नकोत. सुपारीला तर हातसुद्धा लावू नये. सिगारेट सुटली म्हणून सुपारीकडे, तिथून गुटख्याकडे किंवा तंबाखू-चुना मळण्याकडे गेलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. सुपारीने कर्करोग होतो, तंबाखू नसलेल्या सुपारीनेही होतो.

आता चारचा डबा. मी वर्षानुवर्षे अशा समजुतीत होतो की दुपारी चार वाजता मला भूक लागतच नाही. एक वाजता जेवायचे, चारला खाली उतरायचे, कटिंग आणि सिगारेट, आणि थेट रात्री नऊला जेवण. प्रत्यक्षात भूक रोज लागत होती, सिगारेट तिच्यावर झाकण ठेवत होती. सिगारेट सुटल्यावर ते झाकण उडाले, आणि मी मात्र मित्रांची संगत सुटू नये म्हणून पूर्वीसारखाच खाली उतरत राहिलो. हातात सिगारेट नाही, पोटात आग, आणि टपरीशेजारच्या कढईत वडे तळले जात आहेत! पहिल्या दिवशी एक खारी घेतली, तिसऱ्या दिवशी क्रीमरोल, दुसऱ्या आठवड्यापासून रोज वडापाव. सिगारेट सोडलेल्या माणसाला तेवढे चालते, असे मी स्वतःला बजावत होतो आणि मित्रही त्याला दुजोरा देत होते.

म्हणून डबा भरावा, आणि तो आदल्या रात्री भरावा. सकाळी भरू म्हणाल तर भरला जाणार नाही. त्यात काय असावे हे फार अवघड नाही: मूठभर फुटाणे सालासकट, काकडी किंवा गाजराचे तुकडे, उकडलेल्या शेंगा टरफलांसह, एखादा पेरू. टरफले आणि साले मुद्दाम सांगतो आहे, कारण हात गुंतले पाहिजेत. सिगारेट ही निम्मी बोटांचीच सवय असते आणि पंधरा शेंगा सोलायला साधारण एका सिगारेटीएवढाच वेळ लागतो. सोललेले खारे दाणे डब्यात टाकू नयेत, ते मुठीमुठीने कधी संपतात ते कळत नाही. फरसाण भरलेला डबा हा डबा नव्हे. डबा पावणेचारला उघडावा, खाली उतरण्यापूर्वी संपवावा, आणि मग हवे तर मित्रांसोबत जावे. पहिले दोन आठवडे खाली गेलाच नाहीत तर अधिक चांगले. डबा टेबलाच्या खणात राहिला आणि तुम्ही टपरीवर पोहोचलात, तर तो नसल्यातच जमा आहे.

चहाबद्दलही थोडे सविस्तर सांगायला हवे. मी दिवसाला सहा कटिंग घेत होतो. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ती जवळजवळ ५० ग्रॅम होते, म्हणजे २०० कॅलरी नुसत्या चहातून. सिगारेट सुटल्यावर हे आकडे वाढतात, कारण ओढण्याच्या जागी आपण आणखी एक चहा ठेवतो. दुसरी गोष्ट मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करते, आणि धूर बंद झाला की तोच चहा, तीच कॉफी रक्तात अधिक काळ टिकते. छातीत धडधडते, झोप उडते, आणि आपण त्याचा दोष सिगारेट सोडण्याला देतो. चहा-कॉफी निम्म्यावर आणावी, साखर एका चमच्यावर. रात्री जागे राहिलेला माणूस बाराला फ्रिज उघडतोच.

डाएट मात्र त्याच आठवड्यात सुरू करू नये. उपाशी पोटी सिगारेटची तल्लफ दुप्पट जोराने येते, हा माझा आणि इतर चौघांचा अनुभव आहे. दोन वेळचे जेवण नेहमीचेच ठेवावे, एक पोळी कमी करून तिथे कोशिंबीर आणि ताक घ्यावे, आणि ताटावरून उठल्याबरोबर दात घासावेत, कारण जेवणानंतरची सिगारेट ही फार लबाड असते.

सिगारेट सोडण्याच्या दिवशी सकाळी वजन करावे आणि नंतर आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी. रोज करू नये, उगाच धीर खचतो. चालायला बूट लागतात, ते असतीलच.

पहिल्या आठवड्यात दुसरा-तिसरा दिवस वाईट असतो. चिडचिड होते, डोके दुखते, लक्ष लागत नाही. तल्लफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढ्यात दहा मिनिटे झपाझप चालून यावे, निदान जिन्याचे चार मजले चढावेत. फारच असह्य झाले तर सिगारेटच्या पाकिटांवरच छापलेला राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-११-२३५६ फिरवावा, तो निःशुल्क आहे. ज्यांना सकाळच्या सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही त्यांनी पाणी, पपई आणि इसबगोल यांची सोय आधीच करावी, नाहीतर फुगलेले पोट पाहून चार दिवसांतच वजन वाढले असे वाटू लागते. या आठवड्यात डबा एकही दिवस चुकता कामा नये. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला आणि केक येणार असला, तरी डबा न्यावा.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात चिडचिड ओसरते, भूक मात्र ओसरत नाही. माणूस इथे ढिला पडतो आणि डबा विसरतो. रविवारीही चार वाजतात हे लक्षात ठेवावे. मी डबा सुरू केल्यानंतरचा पहिलाच रविवार घरच्या पोह्यांच्या चिवड्याने बुडवला होता, पातेल्यातून वाटीत न घेता थेट पातेल्यातूनच.

दारूचे प्रसंग पहिला महिना टाळावेत, कारण सांगायला नको. प्रवासाला निघताना डबा. दिवाळीत फराळ दुपारच्या जेवणासोबत खावा, चारला नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात वजन दोन-तीन किलोंनी वाढलेच तर चालणे दहा मिनिटांनी वाढवावे आणि घाबरून सिगारेटकडे जाऊ नये. त्या दोन-तीन किलोंपेक्षा ती हृदयाला कितीतरी जास्त महागात पडते. निकोटिनचे च्युइंगम डॉक्टरांनी सांगितले असेल तसे कमी करत जावे, आणि ते बंद होईल त्या आठवड्यात भूक पुन्हा डोके वर काढते, तेव्हा डब्यात मूठभर जास्त.

डबा घट्ट झाकणाचा घ्यावा. माझा पहिला डबा मिठाईच्या दुकानातून आलेला प्लॅस्टिकचा होता, जुलैचा महिना होता, फुटाणे तिसऱ्या दिवशी सादळले, आणि चौथ्या दिवशी मी वड्यांच्या कढईसमोर उभा होतो.