काँक्रीटचं वजन काढताना या चुका टाळा

साधं काँक्रीट घनमीटरला २४ किलोन्यूटन आणि सळईसह आरसीसी २५ किलोन्यूटन धरा, असं काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. २५ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २,५५० किलो. कुणी २,४०० धरतो, कुणी २,५००; फरक पडतो फार तर सहा टक्क्यांचा. हिशेब खरा बिघडतो तो घनफळ काढताना, आणि तिथली चूक वीस टक्क्यांपासून थेट अडीच पटीपर्यंत जाते.

१,००० चौरस फुटांचा, ५ इंच जाडीचा स्लॅब घेऊ. ५ भागिले १२ म्हणजे ०.४१७ फूट, घनफळ ४१७ घनफूट, म्हणजेच ११.८ घनमीटर. वजन सुमारे ३० टन. हा आकडा लक्षात ठेवून पुढे वाचा.

५ इंच म्हणजे ०.५ फूट नव्हे. कॅल्क्युलेटरवर घाईत ०.५ दाबलं की तोच स्लॅब ५०० घनफूट होतो आणि वजन ३६ टनांवर जातं. ४ इंच म्हणजे ०.३३, साडेचार म्हणजे ०.३७५, ९ म्हणजे ०.७५. इंचाला आधी १२ ने भागायचं, मग गुणाकार.

ब्रासचा घोळ. खडी-वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, प्लास्टर-फरशीचा ब्रास १०० चौरस फुटांचा. हाच स्लॅब क्षेत्रफळाने १० ब्रास भरतो, घनफळाने मात्र सव्वाचार ब्राससुद्धा नाही. ‘१० ब्रास’ एवढंच ऐकून कुणी घनफूट धरले, तर वजन ७२ टन निघतं. कोटेशनमध्ये नुसतं ब्रास लिहिलं असेल तर चौरस की घनफूट, हे आधी विचारून घ्या.

१.५४ चा गुणक वजनाला लावू नका. सिमेंट, वाळू, खडी किती मागवायची हे काढताना ओल्या घनफळाला १.५४ ने गुणतात, कारण कोरड्या मालात पोकळ्या असतात. कालवून बसलेल्या काँक्रीटमध्ये त्या पोकळ्या भरलेल्या असतात. गुणून झालेलं घनफळ पुन्हा २,५५० ने गुणलं की ३० टनांचे ४६ होतात. मालाच्या हिशेबाचा कागद आणि वजनाचा कागद वेगळे ठेवणं हाच यावर साधा उपाय.

सळई आणि बीम दोनदा मोजले जातात. २,५५० मध्ये सळई आलेली आहे. वर बारबेंडिंग शेड्यूलमधलं (सळयांच्या मापांच्या यादीतलं) वजन मिळवू नका. बीमची खोली स्लॅबच्या वरच्या पातळीपासून दिलेली असते. २३० बाय ४५० मिलिमीटरचा बीम आणि १२५ मिलिमीटरचा स्लॅब असेल, तर बीमसाठी फक्त खालचे ३२५ मिलिमीटर धरा. मीटरला १९० किलो होतात. पूर्ण खोली धरली तर २६४.

जिन्यात उलटं होतं, वजन कमी भरतं. वेस्ट स्लॅबची, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची, लांबी आडवी मोजली जाते, पण १० इंचाचा ट्रेड (पायरीची रुंदी) आणि साडेसहा इंचाचा रायझर (पायरीची उंची) असेल तर तिरकी लांबी १९ टक्के जास्त असते. पायऱ्यांचे त्रिकोण वेगळे मिळवावे लागतात.

नकाशातली जाडी आणि साइटवरची जाडी. प्लाय वाकलेला असेल, लेव्हल नीट बांधलेली नसेल तर १२५ चा स्लॅब सहज १४० चा होतो. एवढ्यानेच सुरुवातीच्या १,००० चौरस फुटांच्या स्लॅबचे साडेतीन टन वाढतात, आणि तेवढंच काँक्रीट शेवटी कमीही पडतं. स्लॅब टाकताना सळईला खूण करून जागोजागी जाडी तपासा.

घनतेबद्दल शंका असेल तर क्यूब टेस्टचाच (काँक्रीटची ताकद तपासायचा) ठोकळा वजनकाट्यावर ठेवा. १५० मिलिमीटरच्या ठोकळ्याचं किलोतलं वजन २९६ ने गुणलं की घनमीटरचं वजन मिळतं. ८.१ किलो म्हणजे सुमारे २,४००, ८.५ म्हणजे सुमारे २,५००. दख्खनचा काळा बेसॉल्ट जड दगड आहे, त्यामुळे आपल्याकडच्या खडीचं सळईविना काँक्रीटही २,४०० च्या वर भरतं. नीट कॉम्पॅक्ट केलेला ठोकळा ८ किलोच्या खाली आला, तर मिक्स किंवा व्हायब्रेटिंग तपासा.

सेंटरिंगचा, म्हणजे ओला स्लॅब पेलणाऱ्या टेकू-फळ्यांचा, हिशेब सपाट स्लॅबवर करू नका. इथे ओलं काँक्रीट घनमीटरला २,६०० किलो धरलेलं बरं. तीन-तीन फुटांवरचा एक टेकू ९ चौरस फूट पेलतो, म्हणजे ५ इंचाला २७५ किलोच्या आसपास. पण पंपाने एकाच जागी फूटभर ढीग ओतला की त्याच टेकूवर ६६० किलो येतात, वर माणसं आणि प्लाय वेगळे. हे घडतं काही मिनिटांतच, आणि त्या वेळी खाली कुणीतरी टेकू तपासत उभं असू शकतं. ढीग होऊ न देता काँक्रीट लगेच पसरवा, आणि टेकूंची संख्या ढिगाचा भार धरूनच ठरवा.

गच्चीवरचा कोबा, म्हणजे पाणी अडवायला टाकलेला विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, विसरला जातो. साडेचार इंचाच्या ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला २२० किलोच्या घरात जातं. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारांच्या मानकात, आयएस ८७५ मध्ये, धरलेला चल भार (माणसं-सामानाचा) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो आहे. गळती थांबावी म्हणून जुन्या कोब्यावरच नवा टाकला, तर १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर आणखी २० टन चढतात, आणि तेही जुन्या, सळई गंजलेल्या स्लॅबवर. दोन-तीन ठिकाणी कोबा फोडून किती थर आणि किती जाडी आहे ते मोजा. तो आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दिल्याशिवाय नव्या थराचं कंत्राट देऊ नका.