लांब कुठेतरी युद्ध पेटलं की घरातल्या, गल्लीतल्या माजी सैनिकाला कसं सांभाळायचं

युद्ध हजारो किलोमीटर लांब चालू असतं, पण छोट्या गावात ज्या चार-दोन घरांतली माणसं फौजेत राहून आलीत तिथे ते त्याच रात्री येऊन पोचतं. माझे काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी टीव्हीवर सायरन आणि धुराचे लोट सुरू झाले की ते काही न बोलता उठतात, लावलेली कडी काढून परत लावतात आणि दहा मिनिटांनी पुन्हा जाऊन बघतात. तो देश त्यांनी कधी पाहिलेलाही नाही. आधी आम्ही "अहो काका, लांब आहे ते" म्हणायचो, आता नाही म्हणत, कडी बघायला मीपण उठतो. चुकतमाकत जे शिकलो ते लिहितोय.

पहिलं म्हणजे टीव्ही. एकदम बंद करू नका, रिमोट लपवू नका, मोठ्या माणसाला लहान पोरासारखं वागवल्यासारखं होतं ते. त्यांनाच विचारून एक वेळ ठरवा, अर्धा तास बातम्या सगळ्यांनी बरोबर बसून बघायच्या आणि मग चॅनेल बदलायचा. खरा त्रास दिवसभर मागे चालू असलेल्या न्यूज चॅनेलचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या स्फोटांच्या व्हिडिओंचा होतो, त्यामुळे ग्रुपवर फॉरवर्ड करायच्या आधी त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते एकदा बघा प्लीज.

रात्रीचं मात्र नीट लक्षात ठेवा. झोपलेल्या फौजीला हात लावून, हलवून उठवायचं नाही, थोडं लांब पायाकडे उभं राहून नावाने हाक मारायची. दचकून उठले तर लाईट लावायचा आणि शांतपणे सांगायचं, मी अमुक, तुम्ही घरी आहात, चार वाजलेत. स्वप्नात काय दिसलं ते तेव्हा विचारू नका, पाणी द्या आणि बसून राहा. फटाके वाजणार असतील, जवळ खोदकामाला सुरुंग लागणार असतील तर शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी सांगून ठेवावं, आवाज येणार हे माहीत असलं की तो बऱ्यापैकी झेपतो. आणि हाक मारली तरी वळून बघत नाहीत म्हणून रागावू नका, तोफा-बंदुकांच्या आवाजाने कायमचं कमी ऐकू येणं, कानात सतत शिट्टी वाजणं हे सैनिकांत खूप असतं, समोर येऊन बोला.

"तू किती जणांना मारलंस?" हा प्रश्न कोणीच विचारायचा नाही, पोरांनाही आधीच समजावून ठेवा. बोलावंसं वाटलं तर ते स्वतःच बोलतील, तेव्हा मधे तोडू नका आणि सल्ला देऊ नका. कधी भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त असतो, सोबतचा गेला आणि मी राहिलो, त्यावर "विसरून जा" म्हणणं फार लागतं मनाला. सत्काराला स्टेजवर बसवायचं असेल तर आधी एकट्यात विचारा, चारचौघांत विचारलं तर नाही म्हणता येत नाही.

हे सगळं मनाच्या कमकुवतपणामुळे होत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शेल शॉकबद्दल, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांना होणाऱ्या अशा त्रासाबद्दल लिहिलं, तरी तेव्हा असल्या कितीतरी सैनिकांना भित्रे ठरवलं गेलं, आणि पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहून जाणारा आघात, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत यायला १९८० उजाडलं. एखाद्या घटनेनंतर महिन्याहून जास्त दिवस झोप उडणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं, सारखं सावध राहणं, माणसं टाळणं चालू राहिलं आणि रोजचं जगणं त्यात अडकायला लागलं तर डॉक्टर गाठायचा. उपचार आहेत आणि बऱ्याच जणांना त्याने खरंच फरक पडतो, एका प्रकारच्या समुपदेशनात तर साधारण १२ बैठका असतात.

पण छोट्या गावात अडचण वेगळीच, मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात कोण उभं होतं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं आणि माणूस त्याच लाजेने जात नाही. आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे झोप येत नाही एवढंच सांगून सुरुवात केली, त्यांनीच पुढे दुसऱ्या गावची चिठ्ठी दिली आणि मी सोबत गेलो. एकटं पाठवू नका. जुन्या पलटणीतला दोस्त फोनवर मिळाला तर फारच छान, घरच्यांना न सांगितलेलं त्याला सांगतात.

"आता जगून काय करायचं" असं तोंडून आलं किंवा पिणं अचानक वाढलं तर थांबू नका. जीव द्यायचा विचार येतोय का, असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. घरात बंदूक असेल तर ती त्यांच्याशी बोलून दुसरीकडे ठेवा, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

बातम्या पंधरा दिवसांत बदलतात, गाव दुसऱ्या विषयावर जातं, त्यांची झोप मात्र तशीच उडालेली असते. म्हणून कॅलेंडरवर दोन महिन्यांनंतरच्या एका तारखेला खूण करून ठेवा आणि त्या दिवशी काही काम काढून त्यांच्याकडे जा, बसा तासभर.