पोकलेनचं टेम्परेचर अचानक लाल दाखवतंय? तापमान मोजणारा सेन्सर बदलण्याआधी हे बघा

आधी मशीन थांबवून कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी बघा. पण इंजिन गार झाल्यावरच, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंट कमी असेल तर सेन्सरचं टोक हवेत राहतं आणि चांगला सेन्सरही चुकीचा आकडा देतो.

खरी परीक्षा सकाळी, पहिला स्टार्ट मारायच्या आधी. फक्त चावी ऑन करा. रात्रभर उभ्या मशीनचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच, मुंबईत ऋतूप्रमाणे साधारण १७ ते २८ अंश, हवा. तिथेच ९० दिसलं तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा.

मग सेन्सरला वायर जोडणारा कनेक्टर काढा. आकडा एकदम खाली गेला तर वायर बहुधा ठीक, सेन्सर संशयित. गरमच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झाली असणार. काही मशीन अशा वेळी ठरावीक आकडा धरून ठेवतात, तिथे स्क्रीनवरचा फॉल्ट कोड (बिघाडाचा क्रमांक) वाचा.

मल्टीमीटरवर सेन्सरचा रेझिस्टन्स गरम होताना कमी व्हायला हवा. नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. आधी तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, रबर सील फाटलंय का बघा. पावसाळ्यात बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं.