काउंटी जेलमध्ये आपलं माणूस असेल तर

पोरगं आत गेलं की भारतातून पहिला प्रश्न येतो, "चांगला वकील कोण?" प्रश्न बरोबरच आहे. पण वकील ठरला तरी बाहेरच्यांना ढीगभर काम उरतं आणि ते कुणी समजावून सांगत नाही. माझ्या बहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात काउंटी जेलमध्ये (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) होता तेव्हा हे सगळं माझ्या गळ्यात पडलं, कारण इथे नात्यातली मी एकटीच. प्रकरण काय होतं ते लिहीत नाही, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. तेव्हापासून मंडळातल्या लोकांचे, कधी त्यांच्या ओळखीच्यांचे फोन येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी वकील नाही, आणि बारीकसारीक नियम काउंटीगणिक वेगळे असतात. तिथल्या शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, वेबसाइटवर तपासून घ्या.

आई-वडिलांना आधी एवढं सांगा की काउंटी जेल बहुतेक ठिकाणी शेरिफच्या ताब्यात असतं आणि तिथे खटल्याची वाट बघणारे आणि लहान शिक्षेचे लोक असतात. निकाल लागेपर्यंत तो कायद्याने निर्दोषच. सांगलीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर सिनेमातला तुरुंग असतो. ते चित्र पुसल्याशिवाय पुढचं काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

मग तो नेमका कुठे आहे ते शोधा. घर कुठे आहे यावर जेल ठरत नाही, अटक ज्या काउंटीत झाली तिथलं जेल. सांता क्लारा काउंटीत असेल तर सॅन होजेच्या हेडिंग स्ट्रीटवरचं मेन जेल किंवा मिलपिटसचं एल्मवूड. अलमीडा काउंटीत, म्हणजे फ्रीमाँटच्या बाजूला असेल तर डब्लिनचं सँटा रीटा. शेरिफच्या वेबसाइटवर कैदी शोधायचं पान असतं. आपल्या नावांचा तिथे हमखास गोंधळ होतो. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, त्यामुळे कधी वडिलांचं नाव आडनाव म्हणून चढतं. एका नावाने सापडला नाही तर तिन्ही नावं उलटीपालटी करून बघा, स्पेलिंग पासपोर्टवरचंच ठेवा. नोंद व्हायला काही तास लागतात. सापडला की बुकिंग नंबर लिहून घ्या (सांता क्लारात पीएफएन नावाचा नंबरही असतो, तोही घ्या) आणि कोर्टाची पुढची तारीखही. पुढे पैसे, पत्र, भेट, प्रत्येक ठिकाणी हाच नंबर लागतो.

याच सुमारास एखादा "शेरिफ ऑफिसमधून बोलतोय, जामिनाचे पैसे आत्ता झेलवर पाठवा" असा फोन येऊ शकतो (झेल म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवायची इथली सोय). अटकेच्या नोंदी सगळ्यांनाच दिसतात, त्यावरून ठग नंबर काढतात. शेरिफ असे पैसे मागत नाही. फोन ठेवून द्या.

आता फोनचं. आत फोन करता येत नाही, फक्त आतून येतो. कॅलिफोर्नियात अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि घरी लहान मुलं सांभाळणारा पालक असेल तर आणखी दोन. अनोळखी नंबर उचलायची आपल्याला सवय नसते, पण या दिवसांत प्रत्येक फोन उचला. आधी यंत्राचा आवाज येतो, मग बटण दाबायला सांगतात. घाईत लोक तो फोन जाहिरातीचा समजून कापतात. जेलचं फोनचं कंत्राट ज्या कंपनीकडे आहे तिच्याकडे तुमच्या नंबरावर प्रीपेड खातं उघडा, नाहीतर दुसऱ्यांदा फोन लागणारच नाही. एक फोन बहुधा 15 मिनिटांचा. हे फोन फार महाग असायचे. वॉशिंग्टनच्या मार्था राइट नावाच्या अंध आजीने नातवाशी बोलायचा खर्च परवडेना म्हणून 2000 साली कोर्टात धाव घेतली होती. तिच्या नावाचा कायदा 2023 च्या जानेवारीत झाला तेव्हा ती हयात नव्हती. सॅन फ्रान्सिस्को काउंटीने तर 2020 पासून हे फोन फुकटच केले आहेत. पुढे आणखी काही काउंट्यांनीही तसं केलं, पण बऱ्याच ठिकाणी खिशाला हात घालावा लागतो.

भारतातला नंबर बहुतेक जेलमधून लागत नाही. मग आपण इथून कॉन्फरन्स करून आईला जोडायला जातो. ते करू नका. यंत्रणेला तिसरी लाइन कळते, फोन तुटतो आणि वर त्याची फोनची सवलत बंद होऊ शकते. मी एवढंच करायचे की फोन ठेवला की वहीत त्याचं बोलणं लिहायचं आणि सांगलीत सकाळ झाली की ताईला वाचून दाखवायचं. तिचे प्रश्न दुसऱ्या पानावर.

त्या प्रश्नांत पहिला नेहमी एकच असायचा. "खरं सांग म्हणावं, नक्की काय झालं?" हा प्रश्न फोनवर कधीही विचारायचा नाही. वकिलाचे फोन सोडले तर सगळे फोन रेकॉर्ड होतात, सुरुवातीला तसं सांगतातही, आणि सरकारी वकील ते मागवून ऐकतो. "आपण मराठीत बोलू, त्यांना काय कळतंय!" असं मला शिकल्यासवरल्या माणसांनी सांगितलंय. अहो, दुभाषी मिळतो की. उलट दोन वाक्यं इंग्रजीत आणि मधलंच कुजबुजत मराठीत बोललात तर तेवढंच आधी काढून ऐकतील. सांकेतिक बोलणं त्याहून वाईट. व्हिडिओ भेट आणि पत्रं यांनाही हाच नियम लावा. केसबद्दल जे काही असेल ते वकिलाकडे. पैसे नसतील तर कोर्ट पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीची बाजू लढवणारा वकील, देतं. तो फुकट मिळतो म्हणून कमअस्सल समजू नका, त्या कोर्टात तो रोज उभा असतो.

मग बोलायचं काय? जेवलास का, झोप लागते का, पाठीचं दुखणं कसं आहे, क्रिकेटचा स्कोअर, आजीने लोणचं घातलं. भाच्याला सगळ्यात आवडायचं ते म्हणजे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची पार्किंगची भांडणं. तो पुढच्या फोनला आपणहून विचारायचा, "त्या निळ्या गाडीवाल्याचं काय झालं?"

घरातल्या मारहाणीचा आरोप असेल तर सासरच्यांनी जरा जास्तच ऐकावं. सुनेला फोन करून "तक्रार मागे घे" म्हणू नका, तिच्या आई-वडिलांकरवीही सांगू नका. इथे खटला सरकार चालवतं, तो मागे घेणं तिच्या हातात नसतं. साक्षीदारावर दबाव आणणं हा वेगळा गुन्हा आहे. संपर्कबंदीचा हुकूम असेल तर त्याचा निरोप तुम्ही पोचवलात तरी त्याने हुकूम मोडला असं ठरतं. चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवायची आपली पद्धत इथे मुलाला आणखी आत ढकलते.

औषधांना फोनइतकंच महत्त्व द्या. घरची गोळ्यांची बाटली सहसा घेत नाहीत, पण जेलच्या वैद्यकीय विभागाला तुम्ही माहिती देऊ शकता. ते तुम्हाला त्याच्याबद्दल काही सांगणार नाहीत, तुमचं मात्र ऐकून घेतात. फोन करा, लेखीही पाठवा: नाव, बुकिंग नंबर, आजार, औषध, डोस, डॉक्टरचा नंबर. भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. एल्ट्रॉक्सिन न लिहिता लेव्होथायरॉक्सिन लिहा, ग्लायकोमेटच्या जागी मेटफॉर्मिन. आणि बोलण्यात जिवाचं बरंवाईट करून घेण्याची नुसती छटा जरी आली तरी लगेच जेलला फोन करून ड्यूटीवरचा सार्जंट मागा आणि स्पष्ट शब्दांत सांगा. लोक काय म्हणतील हा विचार तेव्हा बाजूला ठेवायचा.

शाकाहारी जेवण बाहेरून आपण मागून मिळत नाही, त्याने स्वतः लेखी अर्ज करायचा असतो. धार्मिक कारण लिहावं, 2000 सालच्या केंद्रीय कायद्याने कैद्यांच्या धर्मपालनाला संरक्षण आहे. मंजुरीला वेळ लागतो, तोवर ब्रेड, फळं आणि कॅन्टीनचे नूडल्स. तिथे कॅन्टीनला कमिसरी म्हणतात. साबण, टपालाची पाकिटं, खाऊ सगळं तिथून घ्यायचं, म्हणून त्याच्या खात्यात पैसे हवेत. ऑनलाइन भरताना दर वेळी फी जाते, जेलच्या लॉबीतल्या मशीनवर कधी कमी पडते, तुलना करा. एकदम मोठी रक्कम टाकू नका. काही ठिकाणी जुन्या देण्यांपोटी कापून घेतात, आणि कुणाच्या खात्यात किती आहे ही बातमी आत लपत नाही.

पत्र जरूर पाठवा. पाकिटावर पूर्ण नाव, बुकिंग नंबर, तुमचा पत्ता. काही ठिकाणी फक्त पोस्टकार्ड चालतं. कुठे टपाल दुसऱ्याच राज्यात जाऊन स्कॅन होतं आणि त्याला टॅब्लेटवर दिसतं, तेव्हा पत्ता नीट बघा. देवनागरीत लिहिलंत तर तपासणीत उशीर होईल हे धरून चाला. स्टिकर, चमकी, अत्तर, पोलरॉइड फोटो नकोत. पुस्तक हवं तर नवंकोरं, साध्या बांधणीचं (पेपरबॅक), थेट दुकानातून किंवा अ‍ॅमेझॉनवरून. ताईने गणपतीचा अंगारा पुडीत बांधून माझ्याकडे पाठवला होता, "पत्रात घालून दे" म्हणून. अमेरिकेतल्या जेलच्या टपालात राखाडी पूड! मी तो देवाजवळ ठेवला आणि त्याला पत्रात तसं लिहिलं. राखीचंही तेच, ती कार्डावर काढून पाठवा.

भेटीला जाताना पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स, आधी घेतलेली वेळ आणि साधे अंगभर कपडे. फोन, पर्स गाडीतच ठेवा.

व्हिसावर असलेल्यांसाठी शेवटचं, पण यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. जामिनाचे पैसे भरायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. इमिग्रेशन खात्याने ताबा मागितला असेल तर जामीन भरूनही तो घरी न येता त्यांच्या हातात जाऊ शकतो. कॅलिफोर्नियात तुमच्या वतीने जामीन भरणारा एजंट सहसा रकमेच्या 10 टक्के घेतो आणि ते परत मिळत नाहीत. 2025 च्या जानेवारीतल्या लेकन रायली कायद्यानंतर दुकानातल्या किरकोळ चोरीचा नुसता आरोपही काही परदेशी नागरिकांना डांबून ठेवायला पुरतो. गुन्हा कबूल करून लवकर सुटायचा मोह होतो, पण त्या कबुलीचा व्हिसावर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असा सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल आहे. भारतीय वकिलातीला कळवायचा हक्क व्हिएन्ना कराराने दिलाय, मात्र भारतीयाने स्वतः मागितलं तरच कळवतात. त्याला तसं मागायला सांगा. उत्तर कॅलिफोर्नियासाठी सॅन फ्रान्सिस्कोचा वाणिज्य दूतावास (कॉन्सुलेट). ते जामीन भरत नाहीत, पण विचारपूस करतात.

सुटका बऱ्याचदा अपरात्री होते आणि फोनची बॅटरी मेलेली असते. आधीच त्याला एक नंबर पाठ करायला लावा. गाडीत जॅकेट, चार्जर आणि काहीतरी खायला ठेवा. कमिसरीचे उरलेले पैसे कार्डावर दिले तर लगेच काढून घ्या, काही कार्डांवर नुसती पडून राहिल्याचीही फी कापतात.