व्हेंट पाइप तुंबलाय? या चुका टाळा

वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की आपली नहाणी गुडगुडते आणि मागोमाग वास सुटतो. मग लोक काय करतात? दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणून नहाणीत ओततात. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडगुड, पुन्हा बाटली.

अहो, पाणी खाली जाताना पाइपला हवा लागते. ती गच्चीवर उघड्या राहणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडातून मिळाली नाही, तर पाइप ती तुमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या भागातून ओढतो. ट्रॅपमध्ये वास अडवणारं साधारण ५० मिमी पाणी असतं, ते त्या ओढीत निघून जातं. अ‍ॅसिड यात काय करणार? नहाणीत बादलीभर पाणी ओता. ते सरसर गेलं, वास थांबला आणि वरच्यांच्या फ्लशनंतर परत आला, तर गच्चीवर जा. पाणीच तुंबून राहिलं, तर अडचण बहुधा खालीच आहे; उगाच वर चढू नका. (गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मिळवणं हे पुण्यात वेगळंच काम.)

दुसरी चूक बांबूची, आणि ही बघून मला खरोखर चीड येते. कोथरूडच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात साळुंकीनं व्हेंटच्या तोंडात घरटं केलं होतं. वर टोपी नव्हतीच. एका उत्साही गृहस्थांनी दांडक्यानं ते खाली ढकललं आणि "झालं मोकळं!" म्हणून हात झटकले. मैल्याचा उभा पाइपच वर व्हेंट म्हणून गेलेला, त्यामुळे घरटं थेट तळाच्या बेंडमध्ये, म्हणजे पाइपाच्या वळणात जाऊन बसलं. संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींचा कमोड भरून वर आला. प्लंबरनं बेंडचं झाकण उघडलं तेव्हा सुकं गवत, वायरचे तुकडे, चॉकलेटचे कागद आणि बांबूचं तुटलेलं टोक निघालं. आजी त्या गृहस्थांशी अजून बोलत नाहीत. बरोबरच आहे.

ढकलायचं नाही, वर ओढायचं. मी जाड तारेला आकडा करतो, टॉर्च मारून बघतो आणि थोडं थोडं काढून बादलीत टाकतो. वेळ लागतो, लागू द्या. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबा. कबुतरांची घाण असेल तर आधी ओली करा, मास्क लावा. सुकी खरवडू नका. मग नळीनं हळू पाणी सोडा, खाली चेंबरपाशी एकाला उभं करा. पाणी वर चढायला लागलं तर नळ लगेच बंद.

मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाले राडारोडा आत पडू नये म्हणून पाइपात सिमेंटची गोणी कोंबतात आणि विसरून जातात. शेवटचं बिल देण्याआधी डोकावून बघा.

गच्चीवर वास येतो म्हणून तोंडाला प्लास्टिक बांधू नका. पाइप उंच करून घ्या.

मच्छरदाणीची बारीक जाळीही नको, ती धुळीनं बुजते. ११० मिमी पाइपाची, हवा जाऊ देणारी तयार टोपी मिळते, ती बसवा.

आत बघायला काडी पेटवू नका, गॅस असू शकतो. शेवाळलेल्या गच्चीवर पावसात तर जाऊच नका.

आकडा पोचत नसेल तर प्लंबरला पाइप साफ करायची लांब स्प्रिंग घेऊन बोलवा. आल्याआल्या त्याला गच्चीवर न्या, नाहीतर तोही नहाणीपासूनच सुरुवात करेल.